पुलीवरची लाल रेघ

३ नोव्हेंबर, मंगळवार
अगं, तुला पूर्ण नावाने संबोधायचे तर लग्नाआधीचे की नंतरचे, असा वाद तू उभा केला असतास. म्हणून नुसते ‘अगं’. तुझ्या भावाने आज मर्यादा ओलांडली. तुझी गाडी इंजिनच्या तोंडाशी तेल गाळते, एवढेच मी सहज बोललो. तर म्हणतो कसा, दाजी, पट्टा फिरवणाऱ्या पुलीमागचं तेलाचं सील गेलंय, पुलीचा मधला बोल्ट काढावा लागेल, ते तुमच्याने नाही व्हायचं. गाडी माझ्या दारात आणून लावा, ताईची आठवण म्हणून मी वापरीन. स्पेअर पार्टचे दुकान असले की वाटेल ते बोलण्याचा परवाना मिळतो काय?

संकल्प: सदर बोल्ट मी स्वतः काढीन, सील बदलीन, बोल्ट पूर्ववत बसवीन, आणि गाडी स्वतः चालवीत नेऊन त्याच्या फाटकापुढे तीनदा हॉर्न वाजवीन. तेथून एक शब्दही न बोलता परत फिरेन. मुदत महिनाअखेर, कारण भाड्याचे हे गॅरेज तेव्हा रिकामे करायचे आहे. तोवर गाडी सुरू झाली नाही तर ती दोरीने ओढून त्याच्याच दारात न्यावी लागेल. असा प्रसंग येणार नाही. गाडी ठेवण्यास दुसरी जागा सहज मिळेल.

४ नोव्हेंबर, बुधवार
पूर्वतयारी उत्तम. रेडिएटर काढला. हॉर्नची वायर आड येत होती, ती सोडवली. बोल्टचे प्रथम दर्शन: किरकोळ वाटला. काम अर्ध्या तासाचे.

बोल्टच्या डोक्यावरून पुलीवर एक लाल रेघ ओढलेली आढळली. ही सही कोणाची, हे सांगायला ज्योतिषी नको. तीन वर्षांपूर्वी हेच सील बदलले तेव्हा मेहुणा हजर होता. मी चालकाच्या आसनावर बसून, गाडी गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून धरला होता. चाके हलली नाहीत की इंजिनही फिरत नाही. त्या कामाचे हेच प्रमुख अंग. उघड्या बॉनेटमुळे पलीकडचे दिसत नव्हते, तथापि बोल्ट कोणी आवळला हे उघड आहे. तू उजेडासाठी बॅटरी धरून उभी असणार. तुझा आवाज तेवढा येत होता. अहो, दाबा. अहो, सोडा. मध्यंतरी माझे वर्तमानपत्र वाचून झाले.

८ नोव्हेंबर, रविवार
लांब दांड्याचा पाना लावून सर्व वजन टाकले. बोल्ट फिरला! पाच मिनिटे निर्भेळ आनंद. मग लक्षात आले की बोल्टबरोबर पुली फिरत आहे आणि पुलीबरोबर संपूर्ण इंजिन. हँडब्रेक नावापुरता आहे. पुस्तिका म्हणते, सहायकाने ब्रेक दाबून धरावा. पुस्तिका लिहिणाऱ्याच्या घरी सहायक असेल.

उपाय योजला आहे. ब्रेक आणि आसन यांच्यामध्ये शब्दकोशाचे दोन खंड ठोकून बसवणे.

११ नोव्हेंबर, बुधवार
शब्दकोश ऐन जोरात असताना निसटला. पाना सुटला. हेडलाइट फुटला. डाव्या हाताच्या चार बोटांची साले निघाली.
वरच्या मजल्यावरून मालकीणबाई खाली आल्या. गॅरेज त्यांचेच. अहो, तुम्ही गाडीला मारताय की गाडी तुम्हाला, असे विचारू लागल्या. काम प्रगतिपथावर असल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, प्रगती वरपर्यंत ऐकू येते.

१५ नोव्हेंबर, रविवार
गंज सोडवणारे तेल तीन दिवस मुरवले. बोल्टला ते मानवलेले दिसते. चकाकू लागला आहे.
शांतपणे विचार केला असता निष्कर्ष एकच निघतो. मेहुण्याने बोल्ट मुद्दाम इतका आवळला. एक दिवस मी एकटा पडेन आणि गाडी आपसूक त्याच्या पदरात पडेल, असा त्याचा दूरवरचा हिशेब. याची परतफेड होईल. त्याच्या दुकानाच्या शटरचा प्रत्येक बोल्ट असा आवळून ठेवीन की त्याचे नातवंडही दुकान उघडू शकणार नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार
दांड्याला लोखंडी पाइप जोडला. पाइप वाकला. दुसरा, अधिक जाड पाइप जोडला. पान्याच्या तोंडाचे सॉकेट उभे चिरले. बोल्ट जागच्या जागी, लाल रेघ मिरवीत.
नवे सॉकेट शोधत तीन दुकाने फिरलो. तिसऱ्या दुकानदाराने कळकळीने सांगितले की हा आकार फक्त तुमच्या मेहुण्यांकडे मिळेल. त्याचे आभारही मानले नाहीत.

२६ नोव्हेंबर, गुरुवार
मालकीणबाईंना गुप्तपणे मेहुण्याच्या दुकानी धाडले. माझे नाव घेणार नाही, असे वचन घेतले होते. सॉकेट आणले. तो काही बोलला का, असे विचारले. काही नाही हो, म्हणाल्या, इतकंच म्हणाले की दाजींना सांगा, ब्रेकवर माणूस बसवल्याशिवाय तो बोल्ट सुटायचा नाही.

२८ नोव्हेंबर, शनिवार
मेहुणा न बोलावता आला. आरोप मी मुद्देसूद तयार ठेवले होते. उभे राहून सर्व सांगितले. लाल रेघही पुरावा म्हणून दाखवली. तो वाकून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, दाजी, हे ताईचं नेलपॉलिश आहे. बोल्ट आवळून झाला की ती अशी रेघ ओढायची, म्हणजे हलला तर कळतो. मी नुसती बॅटरी धरली होती. माझी कंबर तेव्हाही गेलेलीच. तुम्हाला माहीत नव्हतं?
माहीत होते, असे मी म्हणालो.

तो गाडीत शिरून माझ्या जागेवर बसला. बॉनेटमुळे मला दिसेनासा झाला. आतून ओरडला, दाजी, सांगा की, दाबू का? तो एक शब्द मला उच्चारायचा होता. या गॅरेजात धूळ फार.

शेवटी म्हणालो, दाब.

कडाड असा आवाज झाला. बोल्ट सुटला आणि रेघेचे दोन तुकडे झाले. इतका आवळला होतास तू! कौतुक वाटले. थोडा रागही आला.

२९ नोव्हेंबर, रविवार
नवे सील बसले. ब्रेकवर मेहुणा, बोल्टवर मी. पुस्तिकेत सांगितले तितका जोर लावून आवळला. पण रेघेचे दोन तुकडे जुळेनात. बोटभर अंतर राहिले. मेहुणा आतून ओरडत होता, दाजी, बस झालं, पुस्तिकेपेक्षा जास्त नका! पुस्तिका गेली खड्ड्यात. पाइप जोडला आणि रेघ जुळेपर्यंत आवळला. पुढे जो कोणी हा बोल्ट काढील, त्याने मला खुशाल शिव्या घालाव्यात.

३० नोव्हेंबर, सोमवार
रेडिएटर चढवला. गाडी सुरू झाली. तेल गळत नाही. दुसरी जागा मिळाली नाही.

कालच्या जोराने बोटांची साले पुन्हा निघून पट्ट्या बांधाव्या लागल्याने गाडी मेहुण्याने चालवली. मी शेजारी बसलो. त्याच्या फाटकापुढे थांबताच संकल्पानुसार हात लांबवून हॉर्न दाबला. तीनदा दाबला. आवाज आला नाही. वायर जोडायची राहिली होती. मेहुण्याने विचारले, दाजी, काय करताय? काही नाही, असे सांगितले. एक शब्दही न बोलता परत फिरायचे होते, परंतु चहा तयार होता.

गाडी त्याच्या दारात ठेवून पायी परतलो. गॅरेज झाडले. शब्दकोशाचे खंड काखेत घेतले. शटर ओढून कुलूप लावले आणि किल्ल्या मालकीणबाईंना परत केल्या.