एकोणतीसला दुदेस-नोवे

प्रिय मुस्कान,

हाताने लिहिलेलं पत्र पाहून तू आधी घाबरशील, म्हणून सुरुवातीलाच सांगते, तुझ्या अब्बांची काही वाईट बातमी नाही. फोनवर हे सांगायला बसले असते तर अर्ध्यातच दोघी रडलो असतो आणि सांगायचं ते राहून गेलं असतं.

मी आता फुलसावंगीतच दुसरीला शिकवते. परवा एकोणतीस लिहून दाखवत होते, तर आमच्या तांड्यावरची जमनी उठून म्हणाली, "बाई, वीस झाले, वर नऊ झाले, मग तिसाचं नाव कायले घेता?" मला हसू आलं. तिच्या वयात मीही तिथेच अडखळत होते. घरी आम्हा बंजाऱ्यांची गोरबोली, मराठी भेटली ती शाळेत. एकोणसाठ म्हणायला उभी राहायची आणि तोंडून एकोणसत्तर निघायचं. वर्ग हसायचा. तू मात्र हात धरून मला अब्बांच्या दुकानात घेऊन गेलीस.

स्टँडजवळचं ते दुकान आठवतं? पुढे दुरुस्तीला उघडे पडलेले टीव्ही, मागे पडद्याआड दोन कॉम्प्युटर. तुझे अब्बा, माझे जफरचाचा, म्हणाले, "उनसठ-उनहत्तरमध्ये मी बी अटकतो बेटा. चल, तुले एक भाषा दाखवतो." फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन अशा बहिणी-बहिणी भाषांमधून कोणीतरी मुद्दाम बनवलेली ती भाषा होती, अनोळखी माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून. उन, दु, त्रे, क्वात्रो, सिंको, सेस, सेते, ओतो, नोवे, देस. बस. पुढे पाठ करायचं काहीच नाही. वीस म्हणजे दोन दहा, दुदेस. एकोणतीस म्हणजे दुदेस-नोवे. आमच्यात दोनला दी म्हणतात, म्हणून तो दु मला कुण्या लांबच्या मावशीसारखा वाटला. त्याच संध्याकाळी तांड्याच्या वाटेवर आपण शंभर गाठले. तुझ्या बिस्मिल्लाबी दादींना वाटलं, पोरी कोणावर मंत्र टाकून राह्यल्या.

माझं वेड आकड्यांवरच थांबलं. चाचा पुढे गेले. गिऱ्हाईक नसलं की दूरदेशीच्या लोकांना त्या भाषेत लिहीत बसायचे, तुलाही दोन-दोन वाक्यं शिकवायचे. मी एकदा विचारलं, ही कोणाची भाषा, तर म्हणाले, "कोणाचीच नाही. इथं सगळेच पाहुणे. म्हणून कोणी कोणाले हसत नाही."

ते इतके बोलके होते, म्हणूनच रमजानमध्ये मेंदूचा झटका आल्यावर त्यांचं गप्प होणं सगळ्यांना जड गेलं. पाणी मागायला जायचे आणि भलतंच काही निघायचं. तू सुरुवातीला रोज फोन करायचीस. नुसता श्वास आणि तुटके आवाज ऐकून पुढे तुला ते सोसवेना, हे तुझ्या जमीरभाईंनी सांगितलं. तक्रार म्हणून नाही. मलाही ते सोसलं नसतं.

रविवारी मी भेटायला गेले. जमीरभाई चहा ठेवता ठेवता म्हणाले, "दिवसभर बडबडून राह्यले अब्बा, समजत काहीच नाही." मी खाटेशेजारी बसले. चाचा पंख्याकडे बघत होते. ओठ हलत होते, आवाज अगदी बारीक. मी कान जवळ नेला. "सिंको, सेस, सेते." मी हळूच म्हटलं, "ओतो." त्यांनी मान वळवली, मला नीट पाहिलं आणि म्हणाले, "नोवे." मग आम्ही दोघं तिसापर्यंत गेलो. कधी ते अडायचे, कधी मी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसतही होते. जमीरभाई दारात कप धरून तसेच उभे राहिले.

यवतमाळच्या डॉक्टरांना त्यांनी लगेच फोन लावला. डॉक्टर म्हणाले, असं कधी कधी होतं, घरची बोली अडकते आणि मोठेपणी शिकलेली आधी मोकळी होते. फार आशा धरू नका, पण ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत बोलत राहा. आता तुझ्या घरात ती भाषा कोणाला येते, सांग.

मी निघायला उठले तेव्हा चाचांनी माझी ओढणी धरली आणि आकड्यांपलीकडचं काहीतरी विचारलं. "दो एस मे फिया?" मला कळेना. त्यांनी न चिडता पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. शेवटी तिथेच मोबाइलवर एकेक शब्द शोधला. माझी मुलगी कुठे आहे, असं ते विचारत होते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मुस्कान, आणि गप्प राहणं मला जमलं नाही. शब्द जुळवून, दोनदा तपासून मी म्हटलं, "एल वा वेनी." ती येईल. तुला न विचारता मी त्यांना हे सांगून बसले आहे.

तुझीच,
तांड्यावरची वर्षा