दुपारचा करंट

सुधाकरदादा,

तू जर्मनीतून लिवलेली तिथल्या जुन्या राजाची गोष्ट वाचली. आपल्या केनवड ते रिसोड एवढंसंच त्याचं राज्य, अन् चाळीस वर्षं गादी. पीक खानारं हरीण मारलं म्हनून त्यानं एका शेतकऱ्याले जित्ताच दुसऱ्या हरणाच्या पाठीवर बांधून जंगलात हाकललं. तू इचारलं, लोक गप काहून राह्यले असतील?

आपले बाबा पंचवीस वर्षं सरपंच. आपला सालदार पंजाबराव त्यायच्याविरुद्ध फॉर्म भरून आला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी बाबानं त्याले हरभऱ्याच्या कुंपनाची तुटलेली तार जोडाले लावलं. रानडुकरासाठी त्या तारेत करंट आपन रातच्यालेच सोडतो, म्हनून त्यानं बेधडक दोन्ही हातानं तार धरली. बाबा मले म्हने, "वर्षा, बटन दाब."

मी त्याच्याकडंच पाहून राह्यली होती. तरी दाबलं. हात तारेले चिकटले, कातडं जळालं, दात जिभेत रुतले.

"राहू दे अजून," बाबा म्हने.

मी राहू देलं.

डुकरासाठी सोडलेल्या करंटनं पंजाबराव मेला, असं बाबानं सांगतलं. डुकरं दुपारी येत नाईत, हे गावात समद्यायले ठाऊक हाये. कोनी बोललं नाई. यंदा सरपंचाची जागा बाईसाठी निघाली, तं माह्याविरुद्ध एकबी फॉर्म आला नाई.

हे पत्र तुले धाडनार नाई.

तुही बहीन,
वर्षाराणी
सरपंच, बिनविरोध