बरोबर उत्तराला चूक

१० डिसेंबर २००७
पुण्याहून परत. डॉक्टरांनी घशात नळी घालून आतलं सगळं पडद्यावर दाखवलं. उजव्या स्वरतंतूवर गाठ. म्हणजे दिवाळीपासून आवाज बसलाय तो खडूच्या धुळीने नव्हे. गाठ काढायची, तपासायला पाठवायची. नंतर काही आठवडे पूर्ण मौन. "कुजबूजसुद्धा नाही मॅडम. तिने जास्त ताण येतो."
"तपासायला कशासाठी?" हे सलीमनी विचारलं. माझं धाडस झालं नाही. डॉक्टर म्हणाले, रुटीन असतं.
येताना आम्ही नवरा-बायको टेम्पोत, सलीम गाडी चालवत होते. मी मनात दहावीचा अभ्यासक्रम मोजत होते. वर्गसमीकरणं सगळी बाकी. मार्चमध्ये बोर्ड.

१२ डिसें.
मुख्याध्यापकांना सांगितलं. "तब्येत आधी." मग लगेच, "पण शेख मॅडम, गणिताला बदली शिक्षक भोरला कुठून आणू?"
संगणकाचे पोळ सर तिथेच होते. संस्थेने ऑनलाइन वर्ग घेऊन ठेवलाय म्हणे, कोणी हात लावत नाही. त्यात धडा बनवता येतो. एका पानावर थोडं समजवायचं, खाली एक प्रश्न. मुलाने उत्तर निवडलं की बरोबर असेल तर धडा पुढच्या पानावर नेतो, चूक असेल तर तिथेच थांबवतो. "तुम्ही नसलात तरी तुमचा धडा बोलेल."
चांगल्या मनाने म्हणाले. पण घरी येईपर्यंत तेवढंच डोक्यात. तुम्ही नसलात तरी.

१५ डिसें.
शाळा सुटल्यावर लॅबमध्ये. मराठी अक्षरं शोधण्यातच वेळ गेला. फळ्यापुढे मी चेहरे बघते. कोणाच्या भुवया जवळ आल्या की थांबते, मागे जाते. इथे चेहराच नाही. कोण कुठे अडेल ते आधीच ओळखून लिहायचं. पान करायचं, पुसायचं. दुसरं झालं आणि लाइट गेली. जतन केलं नव्हतं.
रडू आलं. पोळ सर खिडकीबाहेर बघत राहिले, बरं केलं.

१९ डिसें.
ऑपरेशनची तारीख मिळाली, ईद झाल्यावर लगेच.
आज धड्याला गती आली. मुलं नेमकी काय चुका करतात ते चुकीच्या उत्तरांत घालते. सुरेखाचं काय करायचं कळत नाही. सुरेखा ढेबे, वेल्ह्याच्या वरच्या वस्तीवरची, इथे मुलींच्या हॉस्टेलला असते. वस्तीवरून दहावीपर्यंत आलेली पहिलीच मुलगी. वहीत सगळं बरोबर, पण हात वर करत नाही. मी बाकाजवळ जाऊन "बरोबर आहे गं" म्हटलं की मगच पुढचं गणित. घरी उन्हाळ्यात लग्नाचं बोलणं चाललंय असं रेक्टरबाई सांगत होत्या. ही पोर पास व्हायलाच हवी.
म्हणून प्रत्येक बरोबर उत्तरापुढे 'शाब्बास' टाकलं. मी बाकाजवळ नसणार.

२४ डिसें.
धडा पूर्ण. स्वतः विद्यार्थी होऊन सोडवून पाहिला, नीट चालतो. शेवटी लक्षात आलं, बरोबर उत्तर सगळीकडे पहिलंच आहे. मुलं हुशार, लगेच ओळखतील. घाईघाईत पर्यायांची अदलाबदल केली. उद्या ॲडमिट.
अम्मींनी (सासूबाईंनी) दंड धरून दुवा फुंकली. मी "येते हं" म्हटलं. आता हा आवाज कधी...

२८ डिसें.
घरी. गाठ काढली. तुकडा तपासणीला. बोलायचं नाही. गळ्यात दोरी बांधून पाटी. अम्मींना वाचता येत नाही, त्यांच्याशी खुणा. त्या मोठ्याने बोलतात, जणू मी बहिरी झालेय.

२ जाने. २००८
रिपोर्ट नाही. सलीम रोज दवाखान्यात फोन करतात, मी त्यांचा चेहरा वाचते. मान हलवतात. नाही.
पोळ सरांचा मेसेज: धडा आजपासून सुरू. सगळ्यात आधी सुरेखा बसली.
बरं वाटलं. जरासं.

७ जाने.
शाळेत हजर, पाटीसह. मुलं उगाचच हळू बोलतात. सुरेखाचा बाक रिकामा. रेक्टरबाई म्हणाल्या, तीन तारखेला दप्तर, ट्रंक घेऊन एसटीने गेली. विचारलं तर म्हणाली, "मला न्हाई जमत."
काय जमत नाही?

९ जाने.
इतके दिवस लॅबला लाइट नाहीतर इंटरनेट नाही. आज बाकीची मुलं बसली. जरा वेळाने नितीन ओरडला, "मॅडम, तुमचा धडा खोटं बोलतोय!"
गेले. प्रश्न साधा. कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार ६ आणि बेरीज ५? त्याने '२ आणि ३' निवडलं. पडद्यावर: चूक, पुन्हा विचार करा. मी स्वतः दाबलं. चूक. '१ आणि ६' दाबलं. शाब्बास, पुढे चला.
पर्याय मी हलवले, पण 'बरोबर'ची खूण जुन्याच जागी, पहिल्या पर्यायावर राहिली. पोळ सरांनी नोंदी उघडून दाखवल्या. सुरेखाने '२ आणि ३' कितीदा दाबलं होतं ते मोजवेना. मग '१ आणि ६'. पुढच्या पानांवर तिने थेट चुकीचीच उत्तरं निवडलीत. सगळीकडे शाब्बास.

१० जाने.
धडा दुरुस्त. पोळ सरांना आणि नितीनला एकेक पान तपासायला लावलं. ते "झालं मॅडम" म्हणतात, मी परत पहिल्यापासून. झोप नाही. रिपोर्टही नाही.
हॉस्टेलमधून वस्तीवर फोन लावायला सांगितला. रेंज नाही.

१३ जाने. रविवार
सलीमना पाटीवर लिहून दाखवलं: मला तिच्या घरी जायचंय. "तू बोलणार कशी?" लिहिलं: तुम्ही बोला. त्यांनी टेम्पोऐवजी शेजाऱ्यांची मोटरसायकल मागून आणली. नसरापूरवरून वेल्हे, तिथून कच्चा रस्ता, मग चढण पायी.
सुरेखा शेरडं चारायला गेली होती. तिच्या वडिलांनी, आबांनी, घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. सलीमनी सांगितलं, धड्यात मॅडमची चूक झाली, मुलीची नाही. आबा माझ्याकडे बघत म्हणाले, "तुमी लांबनं आला, बरं वाटलं. पन पोरगीच म्हनती, गनित येत न्हाई. मंग आमी जबरदस्ती का करावी? हितं शेरडं हायती, कामाला मानूस न्हाई."
तेवढ्यात ती आली. मला बघून दारातच थबकली. पाटीवर लिहिलं: तुझं उत्तर बरोबर होतं. धडा चुकला. माझ्यामुळे.
वाचलं. खाली बघत म्हणाली, "म्या दोन आन् तीनच दाबलं, मॅडम. त्यो न्हाईच म्हनायचा. मंग वाटलं, मला जे येतंय असं वाटत हुतं, ते समदंच चूक असंल."
मी पाटीकडे बोट दाखवलं. "व्हय, वाचलं. पन तुमी मला बरं वाटावं म्हनून लिवलंय."
पाटी खाली ठेवली. सलीमना कळलं, त्यांनी माझा हात धरला.
"तुझं बरोबर आहे गं."
किती चिरका, फाटका आवाज. माझाच. सुरेखा रडायला लागली. आबा कोणाला तरी शिव्या देत बाहेर गेले, मला नसाव्यात.
ती परत येईल का, कळलं नाही.

१४ जाने.
घशात जळजळ. काल मी काय करून बसले? संक्रांतीचा तिळगूळ शेजारून आला. सगळे म्हणतात गोड बोला. मी मान हलवते.

१५ जाने.
सलीम दवाखान्यात जाऊन आले. रिपोर्ट आलाय, पण स्पष्ट नाही. तुकडा आणखी एका ठिकाणी दाखवायला पाठवलाय. पुन्हा थांबायचं. रविवारच्या त्या एका वाक्याबद्दल डॉक्टरांना सांगितलं का, पाटीवर विचारलं. "सांगितलं. रागावले." बाकी काय म्हणाले ते सांगत नाहीत.

१७ जाने.
सुरेखा आलीय. आबांनी स्वतः हॉस्टेलला सोडली. बोर्डाच्या परीक्षेपुरती, पुढचं पुढं, असं रेक्टरबाईंना सांगून गेले.
दुपारी लॅबमध्ये धड्याला बसली. मी मागे उभी. बरीच पानं बरोबर गेली. मग एकदम मोठ्याने, सगळ्यांपुढे, "मॅडम, हितं बी चुकलंय!"
वाकून पाहिलं. समीकरणात सगळीकडे अधिक, उत्तरं उणे दोन आणि उणे तीन. धडा बरोबर होता.
पाटीवर लिहिलं: नीट बघ.
"बगितलं. उणे कुठनं आलं? समदं अधिक हाय की!"
मी लिहायला लागले, तिने माझ्या हातातून खडू घेतला, माझं पुसलं आणि स्वतःचं मांडायला लागली. चुकीचंच. मी परत पुसलं. तिने परत मांडलं. पोरं खुर्च्या ओढून भोवती जमली. घंटा झाली तरी ती ऐकेना, आणि मला बोलता येईना.
उद्या पुन्हा बसायचं ठरलंय.