थप्पी न पाडता

बाबा, आज बाजारहत्नूरच्या एका बाईच्या हृदयाची गळकी झडप शिवली. शिवली म्हणजे हात लावलाच नाही. ती टेबलावर, तिच्या उजव्या बरगड्यांमधल्या बोटाएवढ्या भोकांतून यंत्राचे बारीक हात आत गेलेले, आणि मी चार पावलांवर बसून, पडद्यात डोळे घालून ते हात चालवत होते. आमच्या यंत्रात एक खोट आहे. दोरा किती ताणला ते बोटांना कळत नाही, आणि जास्त ओढला की झडप फाटते. पहिल्याच टाक्याला मला घाम फुटला, आणि तुम्ही आठवलात.

भैंशाच्या जिनिंगमध्ये सरकीच्या पोत्यांची थप्पी छताला टेकली आहे. शाळेच्या सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन आले आहे. मधलंच एक पोतं उंदरांनी कुरतडलंय, सरकी गळतेय. हमाल म्हणतात, थप्पी पाडा. तुम्ही वाकवलेला दाभण काढता, दोन पोत्यांच्या फटीत हात घालता आणि आहे तिथेच शिवायला घेता. मी हट्टाने दाभण मागून घेते, सुतळी जोरात ओढते, आणि तरट टर्रकन फाटतं.

"काऊन ओढून राह्यली वं एवढी? हाताचं आयकू नको. तरटाकडं पाह्य, सुरकुती पडली का थांबाचं!"

हमालांसमोर बोललात म्हणून मी दोन दिवस अबोला धरला होता. रागात तुमच्यावरच गेले ना. आज पडद्यावर झडपेला बारीक सुरकुती दिसली आणि मी थांबले. पुढचे टाके नीट पडले. बाई बरी आहे.

तिने काल विचारलं होतं, "डॉक्टरीण बाई, छाती फाडा लागन का?" मी म्हणाले, "नाही माय, थप्पी न पाडता शिवू." कापूसवाल्या घरची ती, लगेच समजली, खुदकन हसली. मला मात्र तिथे उभं राहवेना.

कारण तुम्हीही हेच विचारलं होतं. तुमची झडप गळायला लागली तेव्हा मी डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला, अक्कल उतू चाललेली. छातीचं हाड कापावं लागेल म्हटल्यावर तुम्ही जरा विचार करून म्हणालात, "बाजूच्या फटीतून दाभण घालून नाई शिवता येत का?" माझे मित्र सोबत होते. मी हसले. "बाबा, ते काय सरकीचं पोतं आहे?" तुम्हीही कसनुसं हसलात, आणि ऑपरेशनचा विषय पुन्हा काढला नाहीत. मीही रेटला नाही. पुढच्या संक्रांतीला तुम्ही नव्हतात.

तुमचा तो वाकडा दाभण माझ्या टेबलाच्या खणात आहे, हा कागदही तिथेच राहील. इतकी वर्षं विचारेल त्याला मी सांगत आले की बाबा ऑपरेशनला घाबरले. घाबरला नव्हतात तुम्ही. तुम्ही एक प्रश्न विचारला होता, आणि मी हसले होते.