सैल विटेमागे

दादा,

मी ड्यूटीवर निघाले. बाबांचं कानाचं मशीन सापडलं. अंघोळीच्या वेळी तूच ते कुठेतरी टाकलंस म्हणून आठवडाभर तुझ्या नावाने खडे फोडले, ते माझं चुकलं.

सकाळी बागेच्या भिंतीवरची वेल छाटताना एक वीट हातातच आली. मागे रुमालात गुंडाळलेलं मशीन होतं, बॅटरी काढून बाजूला ठेवलेली. बाबांना दाखवलं तर चोरी पकडली गेल्यासारखे हसले. म्हणाले, "घर विकायचं की नाही यावरून तुम्ही जेवताना सुरू झालात की मी ते काढायचो. मग म्हटलं, रोज घाला-काढा कशाला?"

मशीन परत तिथेच ठेवलंय, नळाच्या वरची कोपरा उडालेली वीट. घाला म्हणून त्यांच्या मागे लागू नकोस. दुपारची गोळी जेवणानंतर दे.

रात्री जेवताना आपण भांडायचं नाही. पण न भांडलेलं त्यांना ऐकू जाणार नाही, तेव्हा निदान चेहरे तरी बरे ठेवू. ते बघत असतात.

— ताईसारखे हुकूम सोडतेय, पण तुझी धाकटीच. दमलेय फक्त.