चेहरा पाहिजे, तोंड नको

६ नोव्हेंबर

नाचायचं म्हणे! तडालाने नाचायचं.

पुढच्या आठवड्यात युनिव्हर्सिटीत तपासणी कमिटी येऊन राहिली. विदेशी विद्यार्थ्यांचं काम माझ्याकडे, म्हणून डीन शामसुंदर सरांनी मले केबिनमध्ये बोलावलं. "नूतन, 'ग्लोबल कॅम्पस' कार्यक्रम ठेवू. आफ्रिकेच्या पोरी त्यांच्या ड्रेसमध्ये नाचतील. कमिटीले दिसलं पाहिजे, आपल्याकडे सगळी दुनिया शिकून राहिली."

मी म्हटलं, सर, तडालाचा रिसर्च तयार आहे. तिले बोलू द्या.

"बोलायचं कशाले? फोटो चांगले आले म्हणजे झालं."

म्हणजे पोरीचा चेहरा पाहिजे, तोंड नको.

७ नोव्हेंबर

तडालाले सांगितलं. मलावीची पोरगी, एमएस्सीचं शेवटचं वर्ष, विषय पिण्याचं पाणी. आधी खूप हसली. "मॅम, मले नाचता येतच नाही. चर्चमध्येसुद्धा मी मागच्या रांगेत." (आमचं बोलणं इंग्रजी-हिंदीत होते. लिहायले बसली की मराठीच होऊन जाते.)

मग हसणं थांबलं. म्हणाली, "जाहिरातीच्या बोर्डवर माझा फोटो आहे. पण मी काय शिकते, हे आजपर्यंत इथे कोणी विचारलं नाही."

मी विचारलं होतं. पण ती बरोबरच बोलून राहिली. माझ्या एकटीच्या विचारण्यानं काय होते?

९ नोव्हेंबर, रविवार

तडालाले जेवायले घरी आणलं. आमच्या पद्मनाभपुरच्या गल्लीत पोरं सायकली थांबवून पाहत राहिली. बाबांनी दार उघडलं आणि तिले चक्क रशियन भाषेत नमस्कार घातला! बाबा — पंजाबराव — इथल्याच भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये भट्टीवर होते, रशियन इंजिनियरांसोबत काम केलेलं. विदेशी माणूस दिसला की त्यांना तेवढेच दोन शब्द आठवतात. तडालाने तोच नमस्कार जसाच्या तसा परत केला. जमलं दोघांचं.

ज्वारीची भाकरी, झुणका. तिच्या घरी मक्याचं पीठ घट्ट उकडून खातात, म्हणे. झुणका तीनदा घेतला.

बाबांनी विचारलं, "बेटा, पढाई काय करून राहिली?"

तिनं सांगितलं. तिच्या जिल्ह्यात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार. पोरांचे दात तपकिरी, म्हाताऱ्यांचे गुडघे वाकडे. आजीले वाकलेलंच पाहिलं तिनं. इथे आली आणि आमच्या युनिव्हर्सिटीच्या दत्तक गावात शाळेतल्या पोरांचे दात पाहिले — तेच. मग एकेका बोअरचं पाणी तपासलं. सगळ्यात वाईट पाणी युनिव्हर्सिटीनं खोदून दिलेल्या बोअरचं. त्याच्यावर आपल्या नावाची संगमरवरी पाटी.

"डीनले माहीत हाय?"

"सांगितलं," मी म्हटलं. "आधी कमिटी जाऊ दे म्हणतात."

ती गेल्यावर बाबा माझ्यावरच चिडले. "तुयी नोकरी कॉन्ट्रॅक्टची. कावून आग अंगावर घेऊन राहिली?" मी भांडी घासत राहिले. जरा वेळानं स्वतःच आत आले. "रशियन आले तवा आमी त्याइले नाचायले लावलं काय? भट्टी कशी चालवायची ते इचारलं." आणि परत बाहेर जाऊन बसले.

११ नोव्हेंबर

सरांना सांगितलं, नाच बसवून राहिलो. खोटं बोलले. वाईट अजिबात वाटलं नाही.

१४ नोव्हेंबर

झालं.

हॉल भरलेला. समोर कमिटी, शेजारी सर, नवा कोट. मी माइकवर गेले. "आता तडाला फिरी, मलावी. दोन देशांतलं एकच पाणी." सरांची मान झटकन वळली. तडाला स्टेजवर आली. साधा पंजाबी ड्रेस, पायात चप्पल. पडद्यावर दोन फोटो शेजारी — तिच्या गावचा पोरगा हसून राहिला, आमच्या दत्तक गावचा पोरगा हसून राहिला. दात सारखेच.

पाणी कुठलं, किती वाईट, काय करता येते, सगळं सांगितलं. पाटीवरचं नाव घेतलं नाही, फक्त फोटो दाखवला. पाटी वाचता येत होती.

सरांनी कोणाले तरी खूण केली आणि माइक बंद पडला. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जोरात बोल. बोलली! मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. चर्चच्या मागच्या रांगेतली पोरगी म्हणे.

कमिटीतल्या एका बाईंनी प्रश्न विचारले, खरे प्रश्न. बाकीचे घड्याळ पाहत होते.

नंतर कॉरिडॉरमध्ये सर हळूच, अगदी घरच्यासारखं बोलले, "तू आपल्या नागपूरकडची म्हणून विश्वास ठेवला. आपल्याच माणसानं असं करावं?"

मी म्हटलं, सर, तीपण आपलीच आहे. आपण तिची फी घेतो.

१७ नोव्हेंबर

माझ्याकडचं काम काढून ऑफिसातल्या रश्मीले दिलं. ते ठीक. पण तडालाले बोलावून काय सांगितलं? "लिहून दे, भाषण नूतन मॅडमनं लिहिलं, तू फक्त वाचलं." तिचा व्हिसा संपत आला. वाढवायले युनिव्हर्सिटीचं बोनाफाइड लागते. लिहून दिलं तर बोनाफाइड, नाही तर 'बघू'.

माझी नोकरी घ्यायची, घ्या. पण त्याच्यासाठी पोरीची अक्कलच नाकारायची? तिले स्वतःचं काही सुचूच शकत नाही असं तिच्याच हातानं लिहवून घ्यायचं?

१८ नोव्हेंबर

तरी मी तिले म्हटलं, लिहून दे. तुझी डिग्री तोंडावर आली. माझं मी पाहून घेईन.

कॅन्टीनमध्ये बसलो होतो. तिनं चहा बाजूले ठेवला. "मॅम, तुम्ही मले बोल म्हटलं. आता गप्प बस म्हणून राहिल्या?"

"तुझ्या भल्यासाठी."

"डीन सरपण तेच म्हणतात."

कानफटात बसल्यासारखं झालं. पण राग तिचा नाही आला. मग मी म्हटलं, नको लिहून देऊ.

"नाहीच देणार होते," ती म्हणाली. मग चहा संपवला.

२१ नोव्हेंबर

रश्मी घरी आली. तिनं काम परत केलं. "उद्या माझ्या पोरीलेही कोणी असंच म्हणेल," एवढंच बोलली. मग सरांनी ऑफिसातल्याच परागले विचारलं. तोही नाही म्हणाला. बाबांनी दोघांसाठीही पोहे करायले लावले. पराग तर आलाही नव्हता!

२५ नोव्हेंबर

आज सकाळी गेटवर गर्दी. दत्तक गावच्या बाया, पुढे सरपंच केजाबाई साहू. तडाला त्यांच्या घरोघरी फिरलेली, अंगणात बसून छत्तीसगढी शिकलेली. तिले परत पाठवायचं चाललं हे त्यांच्या कानावर गेलं.

गार्ड म्हणे, काम काय? केजाबाई म्हणाली, "हमर बेटी के कागज लेहे बर आए हन." आमच्या पोरीचे कागद न्यायले आलो, म्हणे. आणि रस्त्यावरच बसकण मारली. जाणाऱ्या-येणाऱ्या बसगाड्या थांबू लागल्या. सर स्वतः बाहेर आले, हात जोडले, चला आत, चहा घ्या. केजाबाईनं सोबत आणलेली, त्या पाटीवाल्या बोअरच्याच पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली. "चाय नई लागे. तुंहर बोरिंग के पानी ए साहेब, पी लव."

सरांनी बाटली घेतली नाही.

दुपारी तडालाले बोनाफाइड मिळालं. तिनं काहीच लिहून दिलं नाही. बायांनी बोनाफाइड हातोहात फिरवलं. इंग्रजी एकीलेही वाचता येत नव्हतं, तरी शिक्का नीट पाहून मगच उठल्या.

२८ नोव्हेंबर

मले काढलं.

सकाळीच पलीकडच्या गावच्या सरपंचाचा फोन — आमचंही पाणी तपासून द्या. तडालासोबत निघून राहिली. बाबा दारात उभे, डोक्याला रुमाल बांधून. "मीबी येतो," म्हणाले.