पाठीवरची पट्टी

श्रावणातला रविवार, संध्याकाळ. राजारामपुरी.

डोळे मिटले की अजून तीच पट्टी दिसते. सकाळी पन्हाळ्यावरून उतरताना असं धुकं लागलं की माझा चष्मा पुसून पुसून पांढराच. एरवी दर वेळी मी पुढे आणि बायको, वैशाली, तिच्या गाडीवर मागे. आज तिनेच थांबवलं. "अवो, तुमाला रस्ता दिसंना झालाय. मी म्होरं जातो, तुमी मागनं या."

गेली पुढे आणि संपलीच. गाडी नाही, हेल्मेट नाही, वैशाली नाही. राहिली फक्त तिच्या जॅकेटवरची रेडियमची पट्टी. माझ्याच दिव्याचा उजेड तिच्या पाठीला लागून माझ्याकडे परत येत होता, आणि त्या बोटभर पट्टीमागे मी अख्खा घाट उतरलो! केवढं हे! ते जॅकेट तिने घेतलं तेव्हा मी 'रस्त्याच्या कामावर निघालीस काय' म्हणून हसलो होतो. माझं काळं. रुबाबदार म्हणे.

खाली टपरीवर चहा घेतला. पट्टी आता साधी राखाडी, कुणी बघणारही नाही अशी. विचारावं की नको... विचारलंच. "धुक्यात मी पुढे असतो, तेव्हा तुला मागनं काय दिसतं गं?"

"कायबी न्हाई," ती चहावर फुंकर मारत म्हणाली. "वळणावर तुमी हॉर्न वाजवता की. त्यो ऐकला की कळतंय, हायसा अजून."